उतरत्या भावाची भाजी

गजाननचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. गजानन हा नंदाचा धाकटा भाऊ, आणि मी निघाले होते ती नंदालाच भेटायला. तोंडाला चव नाही म्हणून तिनं माझ्या हातचं लिंबाचं गोड लोणचं मागितलं होतं, त्याची बरणी पिशवीत होती. गजानन म्हणाला, "वसूताई, आता घाई नका करू. सावकाश या." तेवढ्यावरून कळायचं ते कळलं. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. मूर्तिजापूर आलं, गेलं. बाहेर कपाशीची वाळलेली रानं होती, उन्हं नुकती तापायला लागली होती. समोरच्या बाईंनी विचारलं, "अकोल्याले कोणाकडं?" मी म्हटलं, "मैत्रिणीकडे." त्या पुढं काही विचारतील आणि मला सांगावं लागेल, म्हणून डोळे मिटून बसले. गेल्या पावसाळ्यात साध्या पोटदुखीचं निमित्त झालं होतं, तपासण्यांतून नको ते निघालं होतं, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. तरीही माणसाची तयारी कधी होत नाही, हेच खरं.

नंदा गिऱ्हे हे नाव या पुरवणीच्या फार थोड्या वाचकांना ओळखीचं असेल. जे अमरावतीत डिझाइन शिकले त्यांना 'गिऱ्हे मॅडम' आठवतील, आणि त्यांचे अवघड प्रश्नही. अकोल्याच्या बाजारातल्या जुन्या माणसांना 'सरस्वतीबाईची नंदा' आठवेल. या दोन आठवणींच्या मध्ये तिचं सगळं आयुष्य होतं. तिच्या विषयाला कागदोपत्री 'सिस्टिम्स थिंकिंग' असं भारदस्त नाव होतं. मराठीत त्याला काय म्हणावं यावर आम्ही दोघी शिकवायचो त्या कॉलेजात बैठका झाल्या, कोणी 'व्यवस्था-विचार' सुचवलं, कोणी आणखी काही. नंदा सरळ 'गुंता' म्हणायची. वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, विद्यार्थ्यांच्या तोंडी तो 'गुंत्याचा तास' होता.

आमची ओळख परमुलखात झाली. दोघीही डिझाइन शिकायला दूरच्या एका शहरात गेलो होतो. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी, घरात दोन कपाटं भरून पुस्तकं. ती अकोल्याबाहेरच्या माळ्याच्या घरातली, जिथं दिवस मेथीच्या जुड्या बांधण्यानं सुरू व्हायचा आणि बाजारातून रिकाम्या टोपल्या परत आल्या की संपायचा. वसतिगृहाजवळच्या फोनच्या बूथबाहेर मी रांगेत उभी होते आणि आतून आवाज आला, "माय, मले काही नाई झालं, तू काहून रडून राहिली?" घर सोडून मला महिनाच झाला असेल. ते 'मले' कानावर पडलं आणि माझेच डोळे भरून आले. ती बाहेर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "तुले काय झालं आता?" मी म्हटलं, मी अमरावतीची. "मंग चाल," ती म्हणाली, "माह्याकडं ठेचा हाय." मैत्री अशी झाली. वर्गातल्या पुण्यामुंबईच्या मुली तिच्या बोलण्याला हसायच्या. मी माझी भाषा चार दिवसांत इस्त्री करून टाकली. तिनं मात्र शेवटपर्यंत बदलली नाही. एकदा एकीनं फारच नक्कल केली तेव्हा नंदा शांतपणे म्हणाली, "मी काय म्हटलं ते समजलं ना तुले? मंग झालं." त्यानंतर कोणी नक्कल केली नाही.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या कामानं तिचं नाव झालं. अकोल्याच्या मे महिन्यात पालेभाजी सकाळी अकराच्या आत मान टाकते. तिची आई सरस्वतीबाई बाजारात बसायची. दिवसभर भाजीवर पाणी शिंपडून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. नंदानं तिच्यासाठी एक हातगाडा केला. बाभळीची चौकट, चारी बाजूंनी गोणपाटाचे पडदे, वर बारीक छिद्रांची पन्हळ. पन्हळीत पाणी ओतलं की गोणपाट ओलं राहायचं, आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेत ओल्या गोणपाटातून वारा आत शिरला की आतली भाजी गार. कूलरच्या खिडकीशी झोपलेल्या वऱ्हाडातल्या कोणालाही ही युक्ती नवी नव्हती, पण तिला चाकं लावायचं नंदाला सुचलं. वीज नको, यंत्र नको, गल्लीतल्या सुताराला करता येईल असा गाडा. दिल्लीला तिला मोठं बक्षीस मिळालं. एका संस्थेनं तसे गाडे करवून बाजारातल्या विक्रेत्यांना वाटले. नंदाला मोठ्या शहरात नोकरी मिळाली, आणि आमच्या सगळ्या वर्गात पुढं कोण जाणार याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी सुटीवर आलो होतो. एका मासिकाला गाड्यावर लेख हवा होता, म्हणून फोटो काढायला आम्ही संध्याकाळी अकोल्याच्या बाजारात गेलो. कॅमेरा माझ्याकडं होता. सरस्वतीबाई खुशीत होती. दिवेलागणीची वेळ, आणि गाड्यावरची मेथी सकाळी खुडल्यासारखी ताठ. मी एकदोन फोटो काढले. नंदा मात्र गाड्याकडं बघतच नव्हती, रस्त्याच्या तोंडाशी बघत होती.

"माय, त्या जिनिंगातल्या बाया कुठी गेल्या?"

"कोणत्या?"

"दिवे लागले का येत होत्या ना, त्या."

"त्या नाई येत आता," सरस्वतीबाई जुड्या लावता लावता म्हणाली. "काहून येतील? सांजच्याले भाव पडतच नाई."

मला काही कळलं नाही. नंदाला कळलं, आणि तिचा चेहरा उतरलेला मी बघितला. पूर्वी दिवस मावळता मावळता उरलेली भाजी सुकलेली असायची, उद्यावर टिकणार नाही म्हणून मिळेल त्या भावाला जायची. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बाया नेमक्या त्या वेळी यायच्या. त्यांच्या घरात भाजी शिजायची ती ही उतरत्या भावाची. आता भाजी सुकतच नव्हती, तर भाव कशाला उतरेल… फोटो काढायला मी पुन्हा कॅमेरा उचलला तशी ती म्हणाली, "नको काढू, वसू. राहू दे."

दुसऱ्या दिवशी ती त्या बायांच्या वस्तीत गेली. मीही गेले. भांडायला कोणीच तयार नव्हतं, तिच्यावर राग तर कोणाचाच नव्हता. गाडा तिनं केला हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चहा दिला. भाजीचं विचारलं तर एकजण हसून म्हणाली, चटणीभाकर पुष्कळ झाली. परत येताना बाजारामागच्या सार्वजनिक नळावर भांडण चाललेलं दिसलं. गाड्याच्या पन्हळीसाठी विक्रेते बादल्या भरत होते आणि मागं हंड्यांची रांग खोळंबली होती. अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही हे अकोल्यात वाढलेल्या नंदाला कोणी सांगायला नको होतं. तिला ते आराखडा काढताना आठवलं नव्हतं, एवढंच.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, संध्याकाळी थोडी भाजी स्वस्तात देत जा. सरस्वतीबाई जेवायला वाढत होती. ती थांबली. "मंग काय, पुन्हा सुकू देऊ काय भाजी? तीस वर्सं पाणी शिपडलं म्या. आता कुठं हातात काही उरून राहिलं." तिचंही खोटं नव्हतं. नंदा भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिली. मला वाटतं, तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या ताटावर ठरलं. एका बाजूला तिची आई बरोबर होती, दुसऱ्या बाजूला त्या न येणाऱ्या बाया बरोबर होत्या, आणि मध्ये तिचा बक्षीस मिळालेला गाडा उभा होता. सुटीचे उरलेले दिवस ती विक्रेत्यांकडं हिंडली, संध्याकाळचा एक वाटा वेगळा ठेवा म्हणून सांगत. काहींनी ठेवला, पण आमची सुटी संपायच्या आत तेही थांबले. मासिकाचा लेख आला नाही. वर्षभरात तिनं नोकरी सोडली आणि मला कळवलं, "मले शिकवाचं हाय."

अमरावतीत तेव्हा एका खासगी कॉलेजात डिझाइनचा विभाग निघत होता. मी लग्नानंतर गावातच होते, आम्ही दोघी तिथं लागलो. पुढची कितीतरी वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती. नंदाच्या वर्गाचा पहिला नियम असा की पहिल्या सत्रात कोणी काही बनवायचं नाही. एक रोजची गोष्ट धरायची आणि ती कुठून येते, कुठं जाते, तिच्यामुळं कोणाचं काय होतं ते शोधत फिरायचं. मग वर्गाच्या फरशीवर खडूनं माणसं काढायची आणि त्यांच्यामध्ये सुतळ्या ताणायच्या. एक सुतळी ओढली की कुठं कुठं हलतं ते बघायचं. एका मुलीचे वडील तावातावानं आले, फी भरून मुलगी सुतळ्या बांधायला पाठवली का म्हणाले. नंदानं त्यांना वर्गात नेलं, त्यांच्याच हातात एक सुतळी दिली आणि म्हणाली, "ओढा." ते तासभर वर्गात बसले. मुलीचं नाव मात्र त्यांनी कॉलेजातून काढलं नाही.

तिच्या शिकवण्याचा एक दिवस मला नेहमी आठवतो. प्राजक्ता नावाची एक विद्यार्थिनी आणि तिच्या गटानं अमरावतीच्या राजापेठेतली संध्याकाळची कोंडी घेतली होती. सगळे म्हणत होते रस्ता रुंद करा, सिग्नल बसवा. या पोरींनी रोज तिथं उभं राहून बघितलं की कोंडी दुचाकींची आहे, आणि दुचाकी आहेत त्या क्लास सुटल्यावर मुलींना न्यायला आलेल्या वडिलांच्या. वडील का येतात? कारण क्लासमागच्या गल्लीतले दिवे बंद आहेत. पोरी नगरसेवकाकडं, विजेच्या कचेरीत खेटे घालून आल्या, क्लासवाल्यांना सुटण्याच्या वेळा पुढंमागं करायला लावल्या. गल्लीत दिवे लागले, मुली सायकलींनी जाऊ लागल्या आणि कोंडी खरोखर सैल झाली. सादरीकरणाला टाळ्या पडल्या. बाहेरून आलेले पाहुणे प्राजक्ताचं कौतुक करत होते. तेवढ्यात मागून नंदानं विचारलं, "तो समोसेवाला कुठी गेला?" क्लाससमोर थांबलेल्या वडिलांना समोसे विकणारा एक माणूस होता. प्राजक्ताला माहीत नव्हतं. "विचारून ये," नंदा म्हणाली आणि खाली बसली. प्राजक्ताचे डोळे भरले ते सगळ्या वर्गाला दिसलं.

नंतर मी नंदाला म्हटलं, अगं, एवढं चांगलं काम केलं पोरींनी, आज तरी नको होतं. ती म्हणाली, "टाळ्या वाजवून राहिले होते ना सारे, म्हणूनच इचारलं. मले कोणी इचारलं नव्हतं तेव्हा." मग काही वेळानं, चष्मा पुसत, "लय हुशार पोट्टी हाय ते. माह्यापेक्षा हुशार." हे तिनं मला सांगितलं, इतर शिक्षकांना सांगितलं, प्राचार्यांनाही सांगितलं. प्राजक्ताला सांगितलं नाही. नंदाच्या तेराव्याला प्राजक्ता बंगळूरहून आली होती. आता ती स्वतः शिकवते. आम्ही अंगणात बसलो असताना म्हणाली, "मॅडमनी मला एकदाही 'छान' म्हटलं नाही हो. मी वाट बघायचे." तेव्हा मी तिला सांगितलं, नंदा तिच्याबद्दल काय बोलायची ते. "हे तेव्हा कळलं असतं तर…" एवढंच ती म्हणाली. मला नंदाचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येतो तो असा, ऐकायला कोणी नसताना.

सेमाडोहचं प्रकरण त्यानंतर काही वर्षांनी झालं. एका मोठ्या देणगीदाराला मेळघाटातल्या शाळकरी मुलांना अभ्यासासाठी सौरदिवे द्यायचे होते आणि दिव्याचं डिझाइन आमच्या विभागानं करावं असं ठरत होतं. कॉलेजच्या दृष्टीनं ती मोठीच संधी होती. नंदा विद्यार्थ्यांना घेऊन घाट चढून सेमाडोहला गेली, तिथं राहिली, आसपासच्या पाड्यांवर फिरली. एका शाळेच्या कोठीत तिला आधीच्या कोणीतरी दिलेले दिवे सापडले, धूळ खात पडलेले. बॅटरी संपलेली, वायर तुटलेली. दुरुस्तीला घाटाखालच्या परतवाड्याला उतरावं लागायचं, आणि तेवढ्यासाठी कोण उतरतो? ती परत आली ती वेगळाच आराखडा घेऊन. दिवे निम्मे द्या, उरलेल्या पैशांत गावातल्याच दोघांना दुरुस्ती शिकवा, सुटे भाग मिळतील असं एक दुकान उभं करा, शाळेत मुलांना दिवा उघडायला आणि जोडायला शिकवा. माझ्या मते तिच्या हातून झालेलं ते सगळ्यात पूर्ण काम होतं. देणगीदाराला ते पटलं नाही. त्यांना दिव्यांची संख्या हवी होती, समारंभ हवा होता. प्राचार्यांनी तिला समजावलं, आधी दिवे देऊ, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. मीही म्हटलं, दोन पावलं मागं ये. ती म्हणाली, "मी एक गाडा देल्लेला हाय, वसू. पुन्हा नाई." तिनं काम नाकारलं. दुसऱ्या एका संस्थेनं ते घेतलं आणि दिवे वाटले.

पुढं चार-पाच वर्षांनी आम्ही दोघी सहज म्हणून सेमाडोहला गेलो. तिनं मुद्दाम चौकशी केली. दिवे तिच्या अंदाजाप्रमाणेच बंद पडले होते. मला वाटलं, तिला आपलं खरं ठरल्याचं थोडं तरी समाधान वाटेल. आम्ही जिथं जेवलो तिथं वाढायला एक कोरकू तरुणी होती, कॉलेजात शिकणारी, सुटीत मावशीच्या खानावळीत मदतीला आलेली. बोलता बोलता दिव्यांचा विषय निघाला तशी ती म्हणाली, "आमचा दोन वर्षं चालला. माझी दहावी झाली त्याच्यावर." आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या टेबलाकडं गेली. नंदानं ताट तसंच ठेवलं. घाट उतरल्यावर परतवाड्याच्या अलीकडं ती म्हणाली, "दोन वर्सं जळले ते दिवे. माह्या हाती असतं तर तेही नसते जळले." मी म्हटलं, तुझ्या आराखड्यानं झालं असतं तर वीस वर्षं जळले असते. "झालं असतं तर," ती म्हणाली. "झालं कुठी?"

तिच्या मनाला तेव्हापासून जे लागलं ते गेलं नाही. पहिल्यांदा काही न बघता दिलं, आणि दुसऱ्यांदा सगळं दिसत होतं म्हणून काहीच दिलं नाही. वर्गात ती तेच प्रश्न विचारत राहिली, पण आवाजातली धार कमी झाली होती. त्याच सुमारास कॉलेजनं तिचा विषय आधी अर्ध्या सत्रावर आणला, मग ऐच्छिक केला, मग बंद केला. मुलांना नोकऱ्या मिळवून देणारी नवी सॉफ्टवेअर शिकवायला वेळ हवा होता, असं कारण होतं. जुने विद्यार्थी पत्र लिहायला तयार होते, मी सह्या गोळा करायला तयार होते. तिनं आम्हाला थांबवलं. शेवटच्या दिवशी फरशीवरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं तिनं स्वतः पुसल्या, आणि अकोल्याला गजाननकडं राहायला गेली. सरस्वतीबाई तोवर गेली होती. मळ्याच्या तीन बाजूंनी प्लॉट पडले होते, पण एका तुकड्यात गजानन आणि त्याची बायको रेखा अजून भाजी आणि झेंडू काढत होते.

तिथून जवळच जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. नंदा एकदा सहज तिथं गेली आणि जातच राहिली. मुलं हात धुतात ते पाणी फाटकाबाहेर वाहून जात होतं, चिखल होत होता, आणि शाळेच्या खिचडीत भाजी म्हणून नावाला बटाटा असायचा. तिनं मुलांना ते पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते शोधायला लावलं. मग त्यांच्याकडूनच एक चर खणून घेतला, वाळू आणि कोळशाचा थर दिला, पुढं वाफे केले. पालक, वांगी, टमाटे. बस, एवढंच. माझी तिला फोनवर विचारायची हिंमत झाली, याच्यात कोणाचं काही जात नाही ना? ती हसली. "जात असनच. पहिल्या महिन्यात डास झाले, शेजारची बाई भांडाले आली. चर बदलला. मंग बकऱ्या घुसल्या. चुकते वसू, रोज काही ना काही चुकते. पण मी इथीच आहो ना." मग म्हणाली, "गाडा देल्ला अन निघून गेली. दिवे देल्लेच नाई. दोन्ही वेळी मी तिथी नव्हती. एवढंच समजाले पाहा किती वर्सं लागले मले."

आजारपणाचं कळलं तेव्हा या कामाला दोन हिवाळे झाले होते. ती म्हणायची, निदान दहा वर्षं तरी एका जागी थांबायचं, मग कुठं काय बरोबर आणि काय चूक ते कळेल. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची. तिच्याहून कमी कळलेली माणसं खुशाल ऐंशीची होतात. तिला आपल्या कामाची रीत सापडली आणि पाठोपाठ शरीरानं दगा दिला. शेवटच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या ती रेखाला विचारत होती, शाळेतल्या वांग्यांवर कीड पडली का गं? रेखा म्हणाली, "ताई, तुमी आता पडून राहा." नंदा म्हणाली, "पडूनच तर हावो. बोलाले काही उठाले लागते का." आम्ही तिघी हसलो. पोटात कळ आल्यामुळं ती मध्येच थांबली, पण हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ती आमची शेवटची भेट ठरली.

तेराव्यानंतर दोन दिवस मी गजाननकडंच राहिले. निघायच्या सकाळी त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई तरुण आहेत, त्यांनी वाफे दाखवले, मुलांनी लावलेल्या पाट्या दाखवल्या. मग कडुनिंबाखालच्या एका लांबट सपाट दगडाकडं बोट करून म्हणाल्या, "मॅडम इथं बसायच्या. मधल्या सुटीत. आम्हाला आधी वाटायचं, काही शिकवतील, सांगतील. पण नुसत्या बघत बसायच्या. पोरांनाही सवय झाली होती, कोणी त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही." आता त्या दगडावर कोणी बसत नाही म्हणाल्या. सांगितलं कोणीच नाही, पण मुलं बसत नाहीत.

मी बसले. मधली सुटी झाली, मुलं नळाकडं धावली. हात धुणं, पाणी उडवणं, एकमेकांच्या पाठीला ओले हात पुसणं, सगळं चाललं होतं. चरातून पाणी वाफ्यांकडं सरकताना दिसत होतं. पहिला वाफा भरला, दुसरा भरला, टमाट्यांच्या मुळाशी तर डबकंच झालं. पलीकडच्या टोकाला पालकाचा वाफा होता, त्याची पानं कडेनं पिवळी पडली होती. मी बराच वेळ बघत होते. टमाट्यांच्या आळ्यांचे काठ उंच बांधलेले होते, म्हणून पाणी तिथंच अडत होतं आणि पालकापर्यंत पोचत नव्हतं. अगदी थोडी माती काढली असती तरी पाणी पुढं गेलं असतं. हे लक्षात आलं तशी मी नंदाला दाखवायला डावीकडं वळले. तेव्हा मला दिसलं की मी दगडाच्या अगदी कडेला बसले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून.